समुद्राखालचा देश

फाक ओली असताना हात थांबवता येत नाही, हे मधलीला ठाऊक होतं. म्हणूनच तिनं नेमकी ती वेळ साधली.

आई कारखान्यातल्या मोठ्या टेबलापाशी उभी होती. पुढ्यात लगद्याचा गोल, खडू-सरसाचा लेप घासून अंड्यासारखा गुळगुळीत केलेला. त्यावर ती छापील कागदाची फाक बसवत होती. मधे फुगीर, दोन्ही टोकांना निमुळती, फळाची फोड असावी तशी. अशा फाका एकीला एक लागून बसल्या की पृथ्वी होते. खळीनं भिजलेला कागद आई अंगठ्यानं दाबत विषुववृत्तापासून ध्रुवाकडे नेत होती. वाटेत थांबलं की सुरकुती पडते, आणि सुरकुती पडली की एखादा डोंगर जागा सोडतो.

“आज संध्याकाळी मी त्याला घरी आणणार आहे,” मधली म्हणाली.

आईचा अंगठा वर सरकत राहिला. “त्याला म्हणजे कुणाला?”

“आमच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात भिंगं घासतो तो. मला त्याच्याशी लग्न करायचंय, आई.” मधलीनं श्वास घेतला. “तो पलीकडचा आहे.”

पलीकडच्या टेबलावर थोरला कुंचल्यानं दोन फाकांमधला सांधा रंगवत होता. त्याचा हात तेवढा थांबला. बहिणीचं गुपित त्याला केव्हाचं माहीत होतं. आईला सांगण्याचं धाडस ती कधी करते याचीच तो वाट पाहत होता, आणि ते कधी होऊच नये असंही त्याला वाटत होतं. या घरात त्या शेजारच्या देशाचं नाव कुणी घेत नसे. ‘पलीकडे’ एवढंच म्हणत. लढाई संपली, सीमेवरचे अडसर निघाले, माल जाऊ-येऊ लागला, माणसंही. धाकटा तेवढा परत आला नाही.

“खळीत पाणी जास्त झालंय,” आई म्हणाली. “थोरल्या, कितीदा सांगायचं? पाणी जास्त झालं की देश फुगतात.”

“हो, आई.”

“मग शेजारच्या फाकेत मावत नाहीत.”

तिनं फाक ध्रुवापर्यंत नेली, टोक बसवलं, हाडाच्या पट्टीनं वरून एकदा हलकेच घासलं आणि ओल्या फडक्याला हात पुसले. मग मुलीकडे पाहिलं.

“येऊ दे. पाहुणा आहे, चहा मिळेल. दिवे लागायच्या आत जाऊ दे म्हणजे झालं.”

“नाही, आई. तो प्रार्थनेला थांबेल.”

पदराला लागलेली खळ नखानं खरवडत आई घरात गेली. तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत थोरला थांबला.

“आजच?” त्यानं विचारलं. “मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“क्रूर आहेस तू.”

“असेन.”

प्रार्थनेची रीत आजोबांनी घालून दिलेली. जेवणघराच्या कोपऱ्यात त्यांनी केलेला पहिला गोल होता, विकायला म्हणून केलेला आणि सांधे चुकले म्हणून घरात राहिलेला. संध्याकाळी जेवायला बसण्याआधी घरातल्या एकानं त्याच्यावरच्या एका देशावर बोट ठेवायचं, देशाचं नाव घ्यायचं आणि देवाला म्हणायचं, ‘हाही तुझाच.’ बाकीच्यांनी आमेन म्हणायचं. दुसऱ्या दिवशी पुढचा देश. फाकांच्या क्रमानं जायचं, आवडीनिवडीनं नाही. सगळी पृथ्वी संपली की पुन्हा पहिल्या फाकेपासून. आजोबांच्या काळी निम्म्या गोलावर एकाच राज्याचा गुलाबी रंग होता. ते राज्य गेलं, गुलाबी रंग तसाच राहिला. बाबा म्हणायचे, ‘रंग देणारे येतात-जातात. गोल ज्याच्या हातात आहे तो कुठे जात नाही.’ नकाशावरून पुसले गेलेले देशही ते जुन्या नावानं घेत. नाव गेलं म्हणून माणसं थोडीच गेली, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एक नियम होता: घरात पाहुणा असला तर बोट पाहुण्याचं.

धाकट्याची बातमी आली त्या संध्याकाळीही आईनं प्रार्थना चुकवली नव्हती. एका लांबच्या बेटाचं नाव घेऊन ती ‘हाही तुझाच’ म्हणाली होती. दुसऱ्या दिवशी तिनं रद्दीतल्या एका फाकेतून समुद्राचा तुकडा कापला, त्याच्या कडा पात्यानं तासून तासून केसाएवढ्या पातळ केल्या, आणि पलीकडच्या देशावर चिकटवून वरून वॉर्निश फिरवलं. तेव्हापासून त्यांच्या शेजारी देश नव्हता, समुद्र होता. पाळी आली की आई पुढच्या देशावर जाई. कुणी कधी त्याबद्दल अक्षर काढलं नाही.

आज पाळी त्या समुद्राची होती.

“दादा, मला काय, कचेरीत जाऊन सह्या केल्या तरी लग्न होतं,” मधली म्हणाली. “दोघं मिळवते आहोत. कुणाला विचारायची गरज नाही. पण मला तिचा हात डोक्यावर हवाय. तो नसेल तर मी नाही जायची, हे मी त्यालाही सांगितलंय. आणि जो माणूस समुद्रात बुडालेला आहे, त्याला ती जावई कसा करून घेणार?”

थोरल्यानं कुंचला पाण्यात बुडवला आणि बराच वेळ ढवळत राहिला.

“मी तुझ्या बाजूनं बोलणार नाही,” तो म्हणाला. “आईच्या विरुद्ध मला बोलता येत नाही, तुला माहीत आहे. पण मी उठून जाणारही नाही.”

“तेवढं पुरे.”

*

दुपारी मामा आले. आईचे धाकटे भाऊ. सीमेवरच्या नाक्यावर शिक्के मारण्यात उभा जन्म गेलेला. निवृत्तीनंतरही ते दारातून आत येणाऱ्याकडे आधी पायांपासून वरपर्यंत पाहत आणि मगच बोलत. बातमी त्यांना कुणी सांगितली हे थोरल्याच्या बायकोला विचारावं लागलं नाही. नवऱ्याच्या पोटात काही राहत नाही, हे लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात तिला समजलं होतं.

“माझ्या शिक्क्यावाचून पलीकडची कोंबडीसुद्धा इकडे आली नाही,” मामा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत म्हणाले, “आणि आता जावई येतोय. त्याचं सामान तपासू का?”

“चहा घ्या, मामा.”

“घेतो. सूनबाई, तू कुणाच्या बाजूची?”

सून बटाटे सोलत होती. कालपर्यंत या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. नणंदेला उशीर झाला की ‘हॉस्पिटलात काम निघालं असेल’ असं सासूला सांगणारी तीच. पण आज सकाळी जेवणघर झाडताना ती गोलापाशी थांबली आणि तिला भीती वाटली.

तिला जे माहीत होतं ते घरात आणखी कुणाला माहीत नव्हतं. गोल पुसायचं काम तिचं, त्यामुळे प्रार्थनेला ती नेहमी गोलाच्या बाजूला उभी असे. समुद्राची पाळी आली की आई सरळ पुढच्या देशावर जाते, असं बाकीच्यांना वाटे. तसं नव्हतं. आईचं बोट आधी त्या निळ्यावर टेकायचं. ओठ मिटलेले असायचे. बोटाखाली वॉर्निशवर ओलसर ठसा उमटेपर्यंत ते तिथेच असायचं. मग पुढे जायचं. तो ठसा पुसताना सुनेला प्रत्येक वेळी आपण कुणाचंतरी उघडं कपाट पाहिलं असं वाटे.

“मी मधलीच्या बाजूची आहे,” ती म्हणाली. “पण आज नको होतं. मामा, गोल कारखान्यात नेऊन ठेवू या का? वॉर्निश द्यायचंय म्हणून सांगू.”

“हे बरं बोललीस. मी उचलतो एका बाजूनं.”

“गोल कुणी हलवायचा नाही.”

आई दारात उभी होती. मामांनी कप खाली ठेवला. सुनेच्या हातातला बटाटा तसाच राहिला.

“ताई, मी म्हणत होतो—”

“ऐकलं मी. तुझा आवाज नाक्यावरचाच आहे अजून.” आई चुलीपाशी आली, भांड्यावरचं झाकण काढून आत पाहिलं, मीठ टाकलं. “पाहुण्याचं बोट म्हणजे पाहुण्याचं बोट. माझ्या सासऱ्यांनी घालून दिलंय, त्यांच्या मुलानं पाळलंय. माझ्या हातून मोडायचं नाही.”

“मग तुम्ही बसणार, आई?” सुनेनं हळूच विचारलं.

“न बसायला काय झालं? माझा नेम आहे.”

“आणि तो बोट कुठे ठेवणार? पाण्यावर?” मामा म्हणाले. “त्याला काय वाटेल, ताई?”

“काय वाटायचं ते वाटेल. बोलावलंय कुणी? मी नाही बोलावलं.” तिनं पुन्हा मीठ टाकलं.

“आई, टाकलंत तुम्ही आत्ताच,” सून म्हणाली.

आईनं हातातल्या चमच्याकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. “मग बटाटे वाढव,” ती म्हणाली आणि निघून गेली.

“धाकट्याला मीच नेलं होतं नाक्यावर पहिल्यांदा,” मामा म्हणाले. “एवढासा होता. मला विचारतो, मामा, रेघ कुठे आहे? नकाशावर आहे ती? मी म्हटलं, इथेच आहे, तुझ्या पायाखाली. तर पाय उचलून बघितलं त्यानं.” त्यांनी चहा संपवला. “मी त्या भिंगवाल्याशी गोड बोलणार नाही. आधीच सांगून ठेवतो.”

*

छापखान्याच्या गल्लीच्या तोंडाशी भिंगवाल्यानं चष्मा काढून पुन्हा पुसला.

“काचा झिजतील,” मधली म्हणाली.

“झिजवायचाच तर धंदा आहे माझा.” त्यानं चष्मा घातला. उंच, किंचित वाकलेला, नखांच्या कडेत भिंगं घासायच्या पुडीची कायमची लाली. भाषा त्यांचीच, फक्त वाक्याचं शेपूट वर उचलून बोलायची पलीकडची लकब. “पुन्हा सांग. बोट ठेवायचं, नाव घ्यायचं, आणि म्हणायचं—”

“हाही तुझाच.”

“आज कुणाची पाळी आहे?”

मधलीनं तोंड उघडलं. इथपर्यंत येताना तिनं ते तीनदा सांगायचं ठरवलं होतं. आईच्या हट्टाला तिनं हट्टानं उत्तर दिलं होतं, तारीख निवडली होती, सगळं आखलं होतं. या माणसाला काय वाटेल एवढंच तिनं आखण्यात धरलं नव्हतं. आता दार समोर होतं आणि दारात मामा उभे होते, भिंगवाल्याचे बूट पाहत.

“कळेल तुला,” ती म्हणाली. स्वतःचीच तिला लाज वाटली.

चहाला सगळे लांब टेबलाभोवती बसले. गोल मागच्या कोपऱ्यात होता. भिंगवाल्याची त्याच्याकडे पाठ. आई टेबलाच्या टोकाला बसली होती. तिनं पाहुण्याला पाव वाढला, लोणी पुढे सरकवलं आणि वाट कशी होती ते विचारलं. तिचं बोलणं इतकं रीतसर होतं की थोरल्याला घाम फुटला.

“भिंगं घासता म्हणे,” मामा म्हणाले. “कसली?”

“चष्म्यांची. मोतीबिंदू काढलेल्यांना जाड लागतात, ती जास्त.”

“पूर्वीपासून चष्म्यांचीच?”

मधलीनं मामांकडे पाहिलं. मामांनी लोण्याकडे.

“नाही,” भिंगवाला म्हणाला. “लढाईत दुर्बिणींची घासत होतो. आमच्या कारखान्यात तेव्हा दुसरं काही होतच नव्हतं.”

“दुर्बिणी. म्हणजे लांबचा माणूस जवळ दिसायला.”

“हो.”

“नेम धरायला बरं.”

“मामा,” सून म्हणाली.

“मी नुसतं विचारतोय. नाक्यावर आम्ही विचारायचोच, सामानात काय आहे म्हणून.”

“तेही होतं त्यांत,” भिंगवाला म्हणाला. त्यानं चष्म्याला हात लावला, पण काढला नाही. “मी तुमच्याशी खोटं बोलायला आलो नाही.”

कुणाच्या तरी कपाची बशी वाजली. थोरल्याला वाटलं, आता आई उठेल. उठली की संपलं.

“थोरल्या,” आई म्हणाली, “लढाईत आपला कारखाना काय छापत होता?”

“आई?”

“विचारतेय. गोल तर कुणी घेत नव्हतं तेव्हा.”

“नकाशे.”

“कुणासाठी?”

“सैन्यासाठी. पलीकडच्या रस्त्यांचे. पूल, टेकड्या, गावं.”

“सांग त्यांना. मामांना सामान तपासायचंय, तर दोघांचंही तपासून होऊ दे.” आईनं स्वतःच्या कपात चहा ओतला. “यांनी बघायला काचा दिल्या, आपण जायला वाटा दिल्या. मीही रात्री जागून घड्या घातल्यात त्या नकाशांच्या. एक घडी धाकट्याच्या खिशात असेल.”

मामांनी मान खाली घातली. मधलीला आपली आई क्षणभर अगदी अनोळखी वाटली. इतकी न्यायी असेल तर आशा आहे, असं तिला वाटलं. आणि लगेच वाटलं, न्यायानं वागणं वेगळं आणि हात डोक्यावर ठेवणं वेगळं.

*

दिवे लागले. सुनेनं कप उचलले, टेबल पुसलं, आणि सगळे उठून गोलाभोवती उभे राहिले. आई नेहमीच्या जागी, खुर्चीच्या पाठीला धरून.

तिला राग आलेला नव्हता. मुलीला वाटत होतं तिला राग आहे, भावाला वाटत होतं तिला राग आहे, आणि तिनं त्यांना तसं वाटू दिलं होतं, कारण राग सगळ्यांना समजतो. या मुलाविरुद्ध तिच्या मनात काही नव्हतं.

थोरल्यानं पुढे होऊन गोल फिरवला. ती फाक समोर आणली आणि बाजूला झाला. “घरात पाहुणा असला की बोट पाहुण्याचं,” तो म्हणाला. “काल इथपर्यंत झालंय.” त्यानं वरचा देश दाखवला. “आज त्याच्या खालचा.”

भिंगवाला वाकला. बोट पुढे आलं आणि मधेच थांबलं. देशाचा आकार लहानपणापासून ज्याच्या हाताखालून गेलेला असतो, त्याला तो शोधावा लागत नाही. वरची नदी होती. डावीकडचे डोंगर होते. उजवीकडे या लोकांचा देश होता, सीमेसकट. मधे समुद्र.

मधलीनं डोळे मिटून घेतले.

त्याचं बोट खाली आलं. निळ्यावर टेकलं, किंचित सरकलं. काचेवरचा न दिसणारा ओरखडा शोधणारं बोट ते. कडेपाशी जाऊन थांबलं. तासून केसाएवढी केलेली कड. त्यानं ती शेवटपर्यंत चाचपून पाहिली, हळूच, झोपलेल्याच्या कपाळावरून हात फिरवावा तशी.

“समुद्र,” तो म्हणाला. मग शिकवल्याप्रमाणे, “हाही तुझाच.”

आमेन कुणी म्हटलं नाही. आजोबांच्या क्रमात समुद्र नव्हते. या घरात आजवर कुणी पाण्यावर बोट ठेवून देवाला काही म्हटलं नव्हतं.

आईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली. इतक्या वर्षांत तिनं ज्या एका जागेवर ते दोन शब्द उच्चारले नव्हते, तिथे ते कुणीतरी उच्चारले होते, आणि किती सहज. पाणी ओतलं म्हणून जागा देवाच्या हातून थोडीच निसटते.

“समुद्र नाही तो,” ती म्हणाली.

“ताई, राहू दे,” मामा पुटपुटले.

“समुद्र नाही. मी चिकटवलाय.”

“कळलं मला,” भिंगवाला म्हणाला. “कड लागली बोटाला.”

“मग समुद्र का म्हणालात? तुमचा देश आहे त्याच्याखाली.”

“तुम्ही केलाय समुद्र, तर त्याला काही कारण असेल.” तो सरळ उभा राहिला. “पाहुण्यानं घरातलं सामान हलवू नये. आणि खोटं नाही बोललो मी. समुद्र असता तरी त्याचाच असता ना.”

“तेच,” आई म्हणाली. “तेच तर.”

ती खुर्चीवर बसली. सून पुढे झाली, आईनं हातानंच तिला थांबवलं.

“तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मी त्या लोकांवर पाणी ओतलं. मधले, तुलाही वाटतं.” तिचा आवाज नेहमीसारखाच खालचा होता. “मी देवाला वाचवत होते. तो देश त्याचाच म्हटलं, तर तो तिथे होता. माझं पोर पडलं तेव्हा त्या टेकडीवर होता. दोन्हीकडून होता. आणि असून…” ती थांबली. “मग मी संध्याकाळी त्याच्याशी बोलू कशी? म्हणून एक जागा केली. जिथे तो नव्हताच. तेवढी एक जागा सोडून सगळी पृथ्वी त्याची. मला चाललं असतं तसं. मी म्हातारी होईपर्यंत चाललं असतं.”

मधली गुडघ्यावर आईजवळ बसली, पण तिला हात लावायचा धीर झाला नाही.

“त्याला विचारावं लागेल आता,” आई म्हणाली. “तू होतास, तर का.”

“मग विचार की, ताई,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज नाक्यावरचा राहिला नव्हता.

“काय उत्तर देईल?”

मामांनी पाहुण्याकडे पाहिलं. का कोण जाणे, सगळ्यांनीच पाहिलं.

“मला माहीत नाही,” भिंगवाला म्हणाला. “माझी आई अजून विचारते. रोज. आमच्याकडे गोल नाही, ती खिडकीशी उभी राहून विचारते.” थोडं थांबून तो म्हणाला, “माझा भाऊही लढाईत पडला, तो तुमच्या बाजूला राहिलाय. कुठल्या गावात ते आम्हाला ठाऊक नाही.”

मधलीनं वर पाहिलं. हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. तिनं त्याला समुद्राचं सांगितलं नव्हतं, तसंच.

आई खूप वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग सुनेला म्हणाली, “कोमट पाणी आण. आणि मऊ फडकं.”

“आई, वर वॉर्निश आहे,” थोरला म्हणाला. “इतकी वर्षं झाली. तुकडा सोडवला तर खालचा कागदही निघेल.”

“मला गोल शिकवतोस?”

तिनं फडकं पिळून निळ्यावर ठेवलं आणि तळव्यानं दाबून धरलं, ताप पाहावा तसं. मग नखानं कड शोधली. ज्या कडा स्वतःच इतक्या पातळ केल्या होत्या, त्या आता हाताला लागत नव्हत्या. भिंगवाल्यानं बोटानं जागा दाखवली. तुकडा सुटला तो एकदम नाही, खालच्याला धरून धरून सुटला. थोरला म्हणाला तसंच झालं. समुद्राच्या पाठीला चिकटून देश निघून आला, नद्या, गावं, सगळं उलटं. गोलावर राहिला तो खडूचा पांढरा लेप, देशाच्या आकाराचा.

“मी नवी फाक छापून लावतो,” थोरला म्हणाला. “उद्याच.”

“नंतर बघू. रंग द्यायला घाई कशाला? माणसं काय कागदाबरोबर गेली?” बाबांचं बोलणं तिच्या तोंडून आलं हे तिच्याही लक्षात आलं, आणि ती किंचित हसली. मग भिंगवाल्याला म्हणाली, “तुमचं बोट झालं. तुम्ही पाण्याचं म्हणालात, ते धरलं. पण आजचा देश राहिलाय. तो मी घेते.”

तिनं बोट पांढऱ्यावर ठेवलं. आणि नाव घेतलं. पूर्ण, सगळी अक्षरं, जशी ती शाळेत शिकली होती. ते नाव या घरात इतक्या दिवसांनी उच्चारलं गेलं की सुनेला ते एखाद्या माणसाचं नाव वाटलं.

“हाही,” ती म्हणाली आणि थांबली. बोटाखालचा लेप ओला होता, पांढरं बोटाला लागत होतं. “मला समजत नाही. मी विचारणार आहे तुला. रोज विचारणार आहे. पण हाही तुझाच.”

मामांनी आमेनसाठी ओठ उघडले. पण आईचं झालेलं नव्हतं. तिनं दुसरा हात न पाहता बाजूला नेला, तिथे गुडघ्यावर बसलेल्या मधलीचं डोकं होतं. बोट पांढऱ्या देशावर तसंच ठेवून तिनं तळवा मुलीच्या केसांवर टेकवला.

“हीही तुझीच,” ती म्हणाली.

आमेन म्हणायला सगळ्यांनाच उशीर झाला. आधी म्हणाला तो भिंगवाला, वाक्याचं शेपूट वर उचलून, विचारल्यासारखं. मग बाकीचे.

“चला,” आई म्हणाली. तिनं हात पुसायला फडकं शोधलं. “बसा सगळे. बटाटे खारट झालेत, आधीच सांगते.”